विश्वस्त मंडळाची सभा दीड तासात आणि निर्णयासह कशी संपवावी?

निळी शाई

वसतिगृह, अभ्यासिका, वाचनालय, रुग्णसाहित्य केंद्र, संगीताचे वर्ग असं काही चालवणाऱ्या संस्थांच्या कार्यवाहांसाठी आणि विश्वस्तांसाठी हा धागा. सात ते अकरा विश्वस्त, दोन-चार पगारी माणसं आणि तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी दहाची सभा, अशी रचना पुण्यात सर्रास दिसते. माणसं मनापासून येतात, तरी सभा रेंगाळते. गणसंख्येसाठी, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, वीस मिनिटं वाट पाहायची, मग मागील इतिवृत्ताचं वाचन, मग कार्यवाहांचं निवेदन, मग खजिनदार जमाखर्चाची ओळ न् ओळ वाचणार. साडेअकराला चहा येतो आणि ज्या एका विषयासाठी सगळ्यांनी यायला हवं होतं तो नवव्या क्रमांकाचा विषय 'पुढील सभेत घ्यावा' म्हणून सुटतो.

दुखणं विषयपत्रिकेत आहे. तिच्यात विषयांची नावं असतात, प्रश्न नसतात. 'वसतिगृह शुल्क' एवढंच लिहिलं की कुणी नळाबद्दल बोलतं, कुणी मेसच्या पोळ्यांबद्दल, कुणी पूर्वीच्या शिस्तीबद्दल. त्याऐवजी असं लिहा:

'विषय ४. येत्या जूनपासून वसतिगृहाच्या मासिक शुल्कात वाढ करावी का, आणि किती? निर्णय अपेक्षित. वेळ ३५ मिनिटे. मांडणी: वसतिगृह समितीप्रमुख. सोबत टिपणी क्र. १.'

'निर्णय अपेक्षित', 'चर्चा अपेक्षित' किंवा 'माहितीसाठी', यांपैकी एक शेरा प्रत्येक विषयापुढे हवाच. माहितीसाठीच्या विषयाला सभेत वेळ द्यायचा नाही, कागद आधी पाठवायचा. एका सभेत निर्णयाचे मोठे विषय दोनच. तिसरा घातला की तिन्ही अर्धवट राहतात.

टिपणी एका पानाची, आणि शेवटी ठरावाचा मसुदा. वरच्या विषयाची टिपणी उदाहरणादाखल अशी होईल. ४० विद्यार्थी. दरमहा दरडोई खर्च ३,६५० रुपये, शुल्क २,४००. तूट महिन्याला ५०,०००, वर्षाच्या दहा महिन्यांची ५ लाख. पर्याय अ: सर्वांना २,८००, तूट ३.४० लाख. पर्याय ब: ३० जणांना ३,००० आणि गरजू १० जणांना जुनंच शुल्क, तूट ३.२० लाख. पर्याय क: वाढ नाही, ५ लाख कुठून आणायचे ते याच सभेत ठरवावं. शिफारस ब, कारण गरजूंवर बोजा न टाकता तूट अ पेक्षाही कमी राहते. मात्र गरजू कोण हे ठरवायचे निकष सोबत जोडायला हवेत.

एवढा हिशेब समोर असला की माणसं आपोआप मुद्द्यावर बोलतात. पर्याय किमान दोन द्या. एकच प्रस्ताव ठेवला की विश्वस्तांना होय म्हणायचं किंवा रुसायचं एवढंच उरतं.

९० मिनिटांची वाटणी साधारण अशी. पहिली पाच मिनिटं हजेरी, गणसंख्या, आणि कुणाचा कशात हितसंबंध आहे का याची विचारणा. पुढची पाच एकत्रित मंजुरीला. मग पहिल्या मोठ्या विषयाला ३५, दुसऱ्याला २०, पैशाच्या पानाला १५. शेवटच्या दहा मिनिटांत झालेले ठराव मोठ्याने वाचून दाखवायचे आणि काम कुणाचं, कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच लिहायचं. ही शेवटची दहा मिनिटं कुणीही मागितली तरी द्यायची नाहीत.

एकत्रित मंजुरी म्हणजे मागील इतिवृत्त, रजेचे अर्ज, अंदाजपत्रकात आधीच असलेल्या नेहमीच्या खरेद्या, असे चार-पाच बिनवादाचे विषय एका ठरावात घेणं. कुणाही एका विश्वस्ताने 'हा वेगळा काढा' म्हटलं की तो काढायचा, कारण विचारायचं नाही. बँकेतले सह्यांचे अधिकार, अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च, नेमणुका आणि विश्वस्तांची निवड या गाठोड्यात कधीही बांधू नयेत.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः पैशाचं पान आणि कायद्याची बाजू.

खतावणी

उत्तम धागा. पैशाच्या पानाबद्दल लिहितो.

खजिनदारांनी जमाखर्च वाचून दाखवणं हा सभेतला सर्वात वाया जाणारा वेळ. वीज बिल ४,३१२, झेरॉक्स २६०, हे ऐकून कुणालाही संस्थेची प्रकृती कळत नाही. विश्वस्तांना हवं असतं एकच उत्तर: हाताशी खरोखर किती पैसा आहे आणि तो किती महिने पुरेल?

बँकेत दिसणारी शिल्लक हे उत्तर नव्हे. समजा तीन खात्यांत मिळून १४.२० लाख आहेत. त्यातले ९.५० लाख एका प्रकल्पासाठीच मिळालेले, म्हणजे बांधील. विद्यार्थ्यांच्या अनामत रकमा २.१० लाख, त्या परत द्यायच्या. मोकळे उरले २.६० लाख. दरमहा नियमित खर्च १.७५ लाख. म्हणजे जेमतेम दीड महिना. १४ लाख ऐकून रंगकामाचा ठराव करणारं मंडळ हे तीन आकडे एकाखाली एक पाहिलं की थांबतं. हीच आकडेमोड पानाच्या वरच्या चौकटीत, ठळक.

खाली एवढंच: अंदाजपत्रकापेक्षा १० टक्क्यांहून जास्त हललेली शीर्षं आणि प्रत्येकापुढे एका ओळीचं कारण, ३० दिवसांहून जुन्या उचली, नावानिशी, येत्या ९० दिवसांत मुदत संपणाऱ्या ठेवी, टीडीएस (सहसा पुढच्या महिन्याची ७ तारीख) आणि भविष्य निर्वाह निधी (१५ तारीख) वेळेत भरला का, आणि बँक ताळमेळ कोणत्या तारखेपर्यंत झालाय. ताळमेळ दोन महिने मागे असेल तर वरचे सगळे आकडे कच्चे समजावेत. तसं त्या पानावर स्पष्ट लिहावं, लपवू नये.

सभांच्या तारखा हिशेबाच्या वर्षाला बांधून घ्या. अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयाला सादर करायचं असतं. म्हणून एक सभा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याच सभेत आयकर सवलतीसाठी लागणारा उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च मार्चअखेर होतोय का तेही पाहायचं. होत नसेल तर उरलेली रक्कम विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवायचा मार्ग आहे, पण त्याला हेतू नेमका लिहिलेला ठराव लागतो आणि विहित नमुना मुदतीत भरावा लागतो. 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम लिहून भागत नाही. दुसरी सभा मे महिन्यात कच्च्या ताळेबंदावर. तिसरी ऑगस्टमध्ये, लेखापरीक्षित हिशेबांवर, म्हणजे लेखापरीक्षण अहवालाच्या ३० सप्टेंबरच्या मुदतीआधी दुरुस्तीला जागा राहते. गणपतीच्या दहा दिवसांत सभा ठेवून गणसंख्या मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. चौथी नोव्हेंबरमध्ये. परदेशी देणग्यांचा परवाना असलेल्यांनी या सभेत एफसी-४ ची, म्हणजे त्या देणग्यांच्या वार्षिक विवरणाची, तयारी घ्यावी, त्याची मुदत ३१ डिसेंबर.

आणखी एक. धर्मादाय कार्यालयात जाणाऱ्या लेखापरीक्षण अहवालात सभा नियमित झाल्या का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, असे थेट प्रश्न असतात. मागच्या वर्षीच्या त्रुटींची यादी ऑगस्टच्या सभेत एकेक करून घ्यावी. बहुतेक ठिकाणी ती फाइलला लागून तशीच पडलेली असते.

कलम_बावीस

खतावणी यांच्याशी पूर्ण सहमत. कायद्याच्या बाजूने थोडे.

सभा कितीही रंगली तरी सभेची सूचना, म्हणजे नोटीस, चुकली असेल तर ठराव टिकत नाही. प्रथम आपली घटना व नियमावली काढून तीन गोष्टी पाहा: सूचना किती दिवसांची, कशी द्यायची, आणि गणसंख्या किती. 'पूर्ण सात दिवस' लिहिले असेल तर सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस मोजू नये. रविवारी १५ तारखेला सभा असेल तर सूचना ७ तारखेपर्यंत पोचलेली हवी, ८ तारखेची चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर पाठवा, परंतु घटनेत 'लेखी, पोच घेऊन' असे असेल तर पोचवहीवर सही किंवा टपालाची पावती ठेवावीच लागेल.

तहकूब सभेबाबत गैरसमज फार आहेत. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा घेता येते आणि तिला गणसंख्या लागत नाही, हा सर्वसाधारण कायदा नव्हे. आपल्या घटनेत तशी तरतूद असेल तरच. असली तरी तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घ्यावेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला चेंज रिपोर्ट, दाखल करायचा. ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात खेटे पडतात ते बहुधा पुढील कारणांनी. विषयपत्रिकेत 'विश्वस्तांची निवड' हा विषयच नसतो, निवड ऐनवेळी केलेली असते. सर्व विश्वस्तांना सूचना पोचल्याचा पुरावा नसतो, आणि ज्यांच्याशी मतभेद आहेत नेमक्या त्यांचाच नसतो. इतिवृत्तात सूचक-अनुमोदक नसतात. नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र, गेलेल्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडलेला नसतो. ही कागदपत्रे सभेच्या दिवशीच एका पाकिटात गोळा करावीत. मुदत उलटल्यास विलंब माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

स्थावर मिळकतीची विक्री, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे आणि कर्ज घेणे यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठरावात 'पूर्वपरवानगीच्या अधीन राहून' हे शब्द घाला आणि परवानगी येईपर्यंत विसार घेऊ नका.

ज्यांची नोंदणी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, आहे त्यांचे नियम वेगळे. सूचना सात दिवसांची. दर सहा महिन्यांत किमान एक बैठक. गणसंख्या आठ किंवा एकूण संचालकांच्या पाव, यांतील कमी तो आकडा, पण दोनच्या खाली नाही. विश्वस्त संस्थेचा नमुना कंपनीला किंवा उलट चिकटवू नये.

पर्वतीपायथा

टिपणी, चौकट सगळं पटलं. पण मंडळातले ज्येष्ठ आधी पाठवलेलं वाचत नाहीत आणि इतिवृत्त वाचलं नाही तर अवमान झाल्यासारखं वाटतं, त्याचं काय करायचं? ७५ वर्षांच्या संस्थापक काकांना 'वाचलं असेलच' असं म्हणता येत नाही.

अनुमोदक

पर्वतीपायथा, यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत.

कागद फोनवर पाठवून थांबू नका. ज्यांना छापील हवं त्यांना १४ किंवा १६ टायपात, एका बाजूला छापून, घरी पोचवा. सूचना, विषयपत्रिका, टिपण्या आणि पैशाचं पान मिळून आठ पानांच्या वर जाऊ देऊ नका. तीस पानांचा गठ्ठा कुणीच वाचत नाही, तरुणही नाहीत. सभेच्या तीन-चार दिवस आधी कार्यवाहांनी प्रत्येकाला पाच मिनिटांचा फोन करावा. 'वाचलंत का?' असं विचारू नये, शाळेतल्यासारखं वाटतं. 'काका, शुल्काच्या टिपणीत तुम्हाला काय कमी वाटतंय?' असं विचारावं. ज्यांनी वाचलं नसेल ते त्या रात्री वाचतात. त्या फोनमधून आलेल्या शंकांची उत्तरं सभेआधी सगळ्यांना पाठवावीत, नाहीतर फोनवरच परस्पर निर्णय ठरल्याचा संशय येतो. तो संशय मंडळ पोखरतो.

इतिवृत्ताबद्दल: पूर्ण वाचन सोडताना पहिल्या दोन सभांत फक्त ठराव आणि त्यांची आजची स्थिती वाचा. 'ठराव ३, पाण्याची टाकी, काम पूर्ण. ठराव ५, विमा, बाकी, कारण दोनच दरपत्रकं आली.' चार मिनिटांत होतं, आणि बहुतेकांना तेच हवं असतं.

आता गप्प राहणाऱ्यांबद्दल. अध्यक्षांनी आपलं मत आधी सांगितलं की निम्मं मंडळ मिटतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या विरोधात बोलणं जड जातं, हे गृहीत धरूनच रचना करायला हवी. मोठ्या विषयावर आधी प्रत्येकाने दोन मिनिटं शांतपणे कागदावर लिहायचं: कोणता पर्याय आणि एक काळजी. मग सगळ्यात नव्या विश्वस्तापासून सुरुवात करून प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. अध्यक्ष शेवटी. नऊ जणांची फेरी १८ मिनिटांत होते. पुढची १५ मिनिटं मोकळी चर्चा, कारण आता मतभेद नेमका कुठे आहे ते सर्वांना दिसतं. बहुधा तो एकाच मुद्द्यावर असतो. शुल्काच्या उदाहरणात वाढ किती यावर भांडण नसतंच, गरजू कोण ठरवणार यावर असतं.

फेरीत 'सगळ्यांशी सहमत' हे उत्तर घेऊ नये. 'ताई, तुम्ही मुलांच्या पालकांशी बोलता, त्यांना ६०० रुपये एकदम जड जातील का?' असा त्या व्यक्तीच्या जाणकारीला धरून प्रश्न विचारला की बोलणं येतं.

मुळाकाठ

ऐनवेळचे विषय! 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने' या एका ओळीखाली काय काय घुसतं. कसं आवरायचं? आणि विश्वस्ताच्या नात्यातल्या माणसाला छपाईचं काम द्यायचं झालं तर?

निळी शाई

मुळाकाठ, ऐनवेळच्या विषयांना एकच चाळणी: पुढच्या सभेपर्यंत थांबलं तर संस्थेचं नुकसान होईल का? पावसाळ्यात छत गळतंय, सरकारी पत्राला दहा दिवसांत उत्तर द्यायचंय, असे विषय घ्यावेत. बाकी सगळे एका कागदावर 'पुढील सभेसाठी' म्हणून नावानिशी टिपून घ्यावेत आणि खरोखर पुढच्या विषयपत्रिकेत आणावेत. दोनदा आणले नाहीत की लोक पुन्हा ऐनवेळी घुसवू लागतात. ऐनवेळी पैसा खर्च करायचा असेल तर रकमेची मर्यादा आधीच ठरावाने घालून ठेवा.

हितसंबंधाबाबत क्रम असा. संबंधित विश्वस्ताने विषय सुरू होण्याआधी स्वतः सांगायचं. त्याची नोंद इतिवृत्तात. चर्चा आणि निर्णयाच्या वेळी त्याने खोलीबाहेर थांबायचं. नुसतं मतदान न करणं पुरत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या पुतण्याचं दरपत्रक महाग आहे असं कुणी म्हणत नाही. तीन दरपत्रकं एकाच मोजमापावर मागवायची: किती प्रती, कोणता कागद, किती पानं, पोचवण्याचा खर्च धरून की वगळून. आणि तो बाहेर गेल्यावर गणसंख्या उरते का तेही बघायचं.

आता इतिवृत्ताबद्दल, कारण सभेचं खरं फळ तिथे दिसतं. नेहमीची नोंद अशी असते: 'वसतिगृह शुल्काबाबत सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.' तीन महिन्यांनी यातून कुणालाच काही कळत नाही. हीच नोंद अशी हवी:

'ठराव क्र. ४. येत्या १ जूनपासून वसतिगृहाचे मासिक शुल्क ३,००० रुपये राहील. सोबतच्या निकषांत बसणाऱ्या कमाल १० विद्यार्थ्यांना २,४०० रुपये शुल्क राहील. निवड तीन जणांची समिती ३० एप्रिलपर्यंत करील. सूचक, अनुमोदक. बाजूने ७, विरोधात १, तटस्थ १. विरोधी मत: दुष्काळी तालुक्यांतील मुलांसाठी १० ही मर्यादा अपुरी आहे. जबाबदारी: कार्यवाह. पालकांना पत्र: १५ मार्चपर्यंत.'

विरोधी मत एका वाक्यात नोंदवलं की ते मांडणारा माणूस पुढच्या सभेला आनंदाने येतो. न नोंदवता 'सर्वानुमते' लिहिलं की तो येणं बंद करतो. कोण काय म्हणालं याचं संभाषण मात्र लिहू नये.

मसुदा ४८ तासांच्या आत सगळ्यांकडे जायला हवा. त्याच्या वर, वेगळ्या अर्ध्या पानावर, फक्त कामांची यादी. पंधरा दिवसांनी कार्यवाहांनी त्या यादीतल्या प्रत्येकाला एक आठवण द्यायची. वही अप्पा बळवंत चौकात मिळते तशी बांधीव आणि पानांना क्रमांक असलेली घ्या. संगणकावर टंकून सुटे कागद चिकटवत असाल तर प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही, अर्धी कागदावर आणि अर्धी वहीच्या पानावर येईल अशी. मधली जागा कोरी सोडू नका.

खतावणी

एक भर. बँकेत द्यायची ठरावाची प्रत आणि वहीतला ठराव शब्दशः एकच हवा. बँक स्वतःचा नमुना देते, तो नंतर भरला जातो, आणि वहीत 'बँक व्यवहाराचे अधिकार देण्यात आले' एवढंच राहतं. बँकेचा नमुना सभेआधी मागवून त्यातला मजकूरच ठरावाच्या मसुद्यात घाला.

मुळाकाठ

दोघांचेही आभार. तीन-चार उपसमित्या नेमून त्यांच्याकडे काम सोपवलं तर मुख्य सभा आणखी आटोपशीर होईल ना?

अनुमोदक

नऊ जणांच्या मंडळात चार समित्या केल्या की तेच लोक चार ठिकाणी बसतात आणि मुख्य सभेत तीच चर्चा पुन्हा होते. माझ्या मते कायमची समिती एकच असावी, वित्त व लेखापरीक्षणाची, तिघांची. खजिनदार तिचे प्रमुख नसावेत, कारण त्यांच्याच कामाची तपासणी आहे. बाकी समित्या एका कामापुरत्या, संपण्याची तारीख घालून.

कलम_बावीस

येथे थोडा मतभेद. संस्थेकडे निवासी मुले किंवा रुग्ण असतील तर सुरक्षेची वेगळी कायम समिती हवी. तो विषय तिमाही सभेपर्यंत थांबू शकत नाही.

अनुमोदक

मान्य. निवासी कामासाठी ती हवीच.

पर्वतीपायथा

सभा कार्यालयाऐवजी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेण्याबद्दल काय मत? आणि पगारी माणसांना सभेत किती वेळ बसवावं?

निळी शाई

वर्षातली किमान एक सभा कामाच्या जागी घ्यावी. सभेआधी २५ मिनिटांची फेरी, दोघा-दोघांच्या गटात, आणि प्रत्येक गटाला एकच पाहायचं काम: स्वयंपाकघर आणि साठा, झोपायच्या खोल्या आणि पंखे, प्रवेशनोंदी. विश्वस्तांनी तिथे कर्मचाऱ्यांना सूचना द्यायच्या नाहीत, फक्त विचारायचं. सूचना दिल्या की व्यवस्थापकाला एकाच दिवशी नऊ साहेब होतात. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, आणि त्यांना रांगेत उभं करून स्वागतगीत तर मुळीच नको.

व्यवस्थापकांना मांडणीसाठी सात मिनिटं: काय ठरलं होतं, काय झालं, कुठे अडलंय आणि मंडळाकडून काय हवंय. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच भिडेखातर गाळला जातो. त्यांच्या विषयापुरतं त्यांना बसवावं. वर्षातून एकदा विश्वस्तांनी कर्मचाऱ्यांविना अर्धा तास बसून व्यवस्थापकांच्या कामाचा आढावा घ्यावा आणि त्याच दिवशी त्यांना तो सांगावा.

पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या जुन्या संस्थेची इथे आठवण होते. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून १८७० मध्ये ती उभी राहिली, आणि सभासद व्हायला किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आपण कुणाच्या वतीने बसलोय हे त्या सभासदाला खिशातल्या कागदावर दिसत असे. आज विश्वस्तांना तसं पत्र लागत नाही, म्हणून निदान प्रत्येक टिपणीत एक ओळ ठेवावी: 'या निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार त्यांपैकी किती जणांशी, कोण, कधी बोललं?' ती ओळ रिकामी असेल तर तो विषय निर्णयासाठी घेऊ नये.

पर्वतीपायथा

ही ओळ आमच्याकडच्या नमुन्यात आजच घालतो. शेवटचा प्रश्न, किरकोळ आहे: दूर राहणाऱ्यांना दृक्‌श्राव्य माध्यमातून घ्यायचं का?

कलम_बावीस

घटनेत तरतूद असल्यास घ्या. नसल्यास चर्चेत सहभागी करून घ्या, परंतु गणसंख्येत व मतांत धरू नका, आणि रीतसर घटनादुरुस्ती करून घ्या. विश्वस्त निवड व मिळकतीचे विषय शक्यतो प्रत्यक्ष उपस्थितीतच.

अनुमोदक

आणि तांत्रिक बाजू: एकच लॅपटॉप टेबलाच्या टोकाला ठेवला की दूरच्या माणसाला निम्मं ऐकू येत नाही आणि तो दहा मिनिटांत गळतो. माइक टेबलाच्या मधोमध, आणि मंडळातल्या एकाने फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. फेरीत त्यांचा नंबर पहिला.

जागेबद्दलही सांगतो. मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा निवडली तर ज्येष्ठांना गाडी कुठे लावायची ही चिंता राहत नाही आणि वेळेवर येणं वाढतं. पालख्या शहरात मुक्कामी असतात त्या दिवसांत सभा ठेवू नका. चहा-पोहे सभेच्या आधी, पावणेदहाला. गप्पा तेव्हाच होऊन जातात, आणि दहाच्या ठोक्याला हजेरीपत्रक फिरवता येतं.

निळी शाई

पावणेदहाच्या चहाला पूर्ण अनुमोदन. विषयपत्रिका, टिपणी आणि पैशाच्या पानाचे कोरे नमुने उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते. खतावणी, मोकळ्या शिलकीच्या चौकटीत अनामत रकमांखाली 'देय पगार व बिले' ही ओळ वेगळी हवी ना?

खतावणी

हवीच. आणि तिच्यापुढे तारीख.